पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या आज विकत घ्याव्यात का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"आम्ही ऐरोलीत राहतो. पती महापे येथील एका कंपनीत पाळीवर काम करतात, मी घरून शिकवण्या घेते. मोठी मुलगी १३ वर्षांची, धाकटा ८ वर्षांचा, सासूबाई ७१ वर्षांच्या. मागच्या महिन्यात मॉलमध्ये एक कूपन भरून घेतले आणि गेल्या रविवारी आम्हा दोघांना वाशीच्या एका हॉटेलात बोलावले. भेटवस्तू मिळेल, दीड तास लागेल असे सांगितले होते. आम्ही चार तासांनी बाहेर पडलो. एका रिसॉर्ट कंपनीचे पंचवीस वर्षांचे सभासदत्व, दरवर्षी ७ रात्री, स्टुडिओ खोली, किंमत करांसह ४ लाख ८० हजार. त्यातले ७२ हजार आधी आणि उरलेले ४ लाख ८ हजार १५ टक्के व्याजाने ४८ हप्त्यांत. वार्षिक वर्गणी १८ हजार अधिक जीएसटी. 'हा दर फक्त आजच' म्हणाल्यामुळे यांनी २५ हजार रुपये कार्डाने भरले आणि अर्जावर सही केली. उरलेले ४७ हजार येत्या रविवारी द्यायचे आहेत. करारात १० दिवसांत रद्द करण्याची सोय आहे. यांचे म्हणणे असे, की मुलांना आपण कधी कुठे नेले नाही, निदान पैसे भरले म्हणून तरी जाऊ. मला झोप लागत नाही. सोबत कराराची प्रत आणि सीझनचा रंगीत तक्ता पाठवत आहे. आम्ही काय करावे?"

उत्तर:

तुमचे पत्र मला शुक्रवारी मिळाले. मुदत संपायला पाच दिवस उरले होते, म्हणून उत्तराचा मुख्य भाग तुम्हाला त्याच दिवशी ईमेलने पाठवला. अशा सह्या आपल्याकडे अनेक घरांत होतात, म्हणून तेच येथे सविस्तर लिहीत आहे. तुमच्या घरापुरते माझे मत स्पष्ट आहे: मुदतीच्या आत हा करार रद्द करा. हे मत मी त्या कंपनीला खोटे ठरवून दिलेले नाही. टाइमशेअर, म्हणजे आधी पैसे भरून दरवर्षी रिसॉर्टमध्ये ठरावीक रात्री राहण्याचा हक्क विकणे, हा भारतात १९८० च्या दशकापासून चालत आलेला व्यवसाय आहे, त्यात नावाजलेल्या कंपन्या आहेत, त्यांची रिसॉर्ट खरी आहेत आणि काही कुटुंबांना त्यांचा पुरेपूर उपयोग होतो. प्रश्न एवढाच आहे, की तुमच्या घरात वर्षाच्या ७ रात्री कुठून येणार आहेत.

तुम्ही पाठवलेला रंगीत तक्ता मी जेवणाच्या टेबलावर ठेवला, शेजारी कालनिर्णय उघडले आणि पेन्सिल घेऊन बसले. वर्षाचे आठवडे गर्दीप्रमाणे चार रंगांत वाटलेले आहेत आणि तुम्हाला देऊ केलेला रंग त्यांपैकी तिसरा आहे. त्यात एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ नाही, दिवाळीचा पंधरवडा नाही आणि नाताळ ते नववर्षाचा आठवडाही नाही. तुमच्या मुलांची शाळा राज्य मंडळाची आहे. म्हणजे त्यांना सलग सुट्टी असते नेमकी तेव्हाच हे सभासदत्व बंद असते आणि जेव्हा ते उघडे असते, तेव्हा मुलांच्या चाचण्या, सहामाही किंवा वार्षिक परीक्षेची तयारी चालू असते. जुलै आणि ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारच्या चौकटींभोवती मी गोल केले, तेवढेच हाती लागले. पण पावसाळ्यातल्या त्या दोन दिवसांसाठी लोणावळा-महाबळेश्वर भागातल्या खोल्या मुंबई, ठाणे आणि पुण्याचे सगळे सभासद एकाच वेळी मागत असतात.

दुसरी गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, मला मात्र ती सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमच्या यजमानांना वर्षाला २१ रजा मिळतात. त्यातल्या पाच गणपतीला देवरुखच्या घरी जातात, मे महिन्यात आठ दिवस पुन्हा गावी, दिवाळीत चार दिवस तुमच्या माहेरी. उरल्या चार, त्या आजारपणाला आणि सासूबाईंच्या गुडघ्यांच्या तपासणीला लागतात. कोकणातल्या माणसाची रजा कंपनीच्या वहीत शिल्लक दिसते, पण ती गावाकडे आधीच गहाण पडलेली असते. गणपतीला घरी गेलो नाही तर चालेल का, असे मी तुम्हाला विचारणारही नाही. सभासदत्वाच्या ७ रात्री हव्या असतील, तर त्या याच सतरा दिवसांतून काढाव्या लागतील. तेव्हा कोणते दिवस सोडायचे, हा प्रश्न घरात आधी विचारायला हवा होता, आणि वाशीच्या त्या हॉटेलात तो कोणी विचारला नाही.

गेल्या पाच वर्षांत तुम्ही पैसे देऊन बाहेर किती रात्री राहिलात, हेही तुम्हीच लिहिले आहे: महाबळेश्वरला दोन आणि अलिबागला एक. पाच वर्षांत तीन रात्री. या सभासदत्वाने त्याच पाच वर्षांत पस्तीस रात्री दिल्या असत्या. पैसे भरले म्हणून तरी जाऊ, हे यांचे म्हणणे प्रामाणिक आहे आणि मला ते कळते, पण माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या घरी असे एक सभासदत्व होते. पहिली दोन वर्षे उत्साहाने गेलो, तिसऱ्या वर्षी मुलाची दहावी आली, चौथ्या वर्षी सासऱ्यांचे आजारपण, आणि पुढे साठलेल्या रात्री मुदत संपून बुडत गेल्या. वर्गणीचे बिल मात्र दरवर्षी वेळेवर यायचे, कारण ती भरली नाही तर बुकिंगच बंद होते. नऊ वर्षांत आम्ही तीनदा गेलो. तुमची मुलगी दोन वर्षांनी दहावीत जाईल, हे मी मुद्दाम लक्षात आणून देत आहे.

आता पैशांचा हिशेब मांडू. मी बँकेत काउंटरवर सत्तावीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे हप्ता ऐकला की आधी व्याज मोजायची सवय लागली आहे. ४ लाख ८ हजारांवर १५ टक्के दराने ४८ महिन्यांचा हप्ता साधारण ११,३५५ रुपये येतो. चार वर्षांत तुम्ही सुमारे ५ लाख ४५ हजार रुपये फेडाल, म्हणजे १ लाख ३७ हजार रुपये नुसते व्याज. आधीचे ७२ हजार धरून सभासदत्व ६ लाख १७ हजारांना पडले. पंचवीस वर्षांच्या १७५ रात्रींवर ते वाटले, तर एका रात्रीचे साडेतीन हजार रुपये होतात. वर्गणी जीएसटीसह २१,२४० रुपये, म्हणजे रात्रीला आणखी तीन हजार. एकही रात्र वाया न घालवता, पहिल्याच वर्षीच्या वर्गणीने धरले तरी रात्र साडेसहा हजारांना पडते. वर्षाला तीनच रात्री वापरल्या, आणि तुमच्या घराकडे पाहता तीन हाही मोठा आकडा आहे, तर तीच रात्र पंधरा हजारांना पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलखोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. साडेसहा हजारांत आज गर्दी नसलेल्या काळात चांगल्या रिसॉर्टची खोली मिळते, तीही हव्या त्या गावात आणि हव्या त्या तारखेला.

विक्रेत्याने यावर दिलेले उत्तर तुम्ही लिहिले आहे: हॉटेलांचे दर दरवर्षी वाढतील, तुमचा दर मात्र आजचाच राहील. हे अर्धेच खरे आहे. खोलीची किंमत गोठते, वर्गणी गोठत नाही. तुमच्या कराराच्या अकराव्या कलमात वर्गणी महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढेल असे बारीक अक्षरात लिहिले आहे. वाढ वर्षाला ६ टक्के धरली, तर आजचे २१,२४० रुपये अकराव्या वर्षी ३८ हजारांवर जातात आणि पंचविसाव्या वर्षी सुमारे ८६ हजारांवर. पंचवीस वर्षांच्या वर्गणीची बेरीज साडेअकरा लाखांच्या पुढे जाते, म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ अडीचपट. ही बेरीज त्या चार तासांत फळ्यावर कोणी लिहिली नसणार. हे सभासदत्व संपेल तेव्हा तुमची मुलगी अडतीस वर्षांची असेल.

हाच हिशेब उलट बाजूने पाहा. कोणाकडे ४ लाख ८० हजार रुपये रोख पडून असतील आणि त्याने ते साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले, तर वर्षाचे व्याज ३१,२०० रुपये येते. त्यावर प्राप्तिकर असेल तो जाईल. न भरलेली वर्गणी त्यात मिळवली की वर्षाला ५२ हजारांच्या आसपास रक्कम सहलीसाठी हाती राहते, आणि मुद्दल शाबूत राहते. ज्या वर्षी जाणे जमले नाही, त्या वर्षी ती रक्कमही राहते. तुमच्याकडे तर ही रोकडही नाही, कर्ज आहे.

मग हे सभासदत्व कोणाला परवडते? नौपाड्यात माझ्या ओळखीचे एक निवृत्त दांपत्य आहे. मुले परदेशी, प्रकृती ठीक, दरवर्षी दोन मोठ्या सहली करण्याची सवय सभासदत्व घेण्याच्या आधीपासूनची. त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून एकरकमी भरणा केला, सर्वांत स्वस्त रंग घेतला, आणि आता ऑगस्टमध्ये कुर्ग किंवा मुन्नारला सात रात्री सलग राहतात. सहा महिने आधी बुकिंग उघडते, त्या दिवशी सकाळी काका लॅपटॉप घेऊन बसलेले असतात. तारीख पुढेमागे झाली तरी त्यांचे काही अडत नाही. त्यांच्यासाठी हा सौदा योग्य ठरला आहे, असे मी मनापासून म्हणेन. मात्र त्यांच्याकडे वेळ आहे, कर्ज नाही, आणि शाळेचे वेळापत्रक नाही. हे तिन्ही एकत्र असलेले घर ठाणे-नवी मुंबईत मला क्वचित दिसते.

तुमच्याकडे सहा महिने आधीचे बुकिंग कसे चालेल, याचाही विचार करा. यांची पाळी महिनाभर आधी ठरते, रजा त्यानंतर मंजूर होते. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी उघडते. समजा, तुम्ही जानेवारीतच जुलैची मुन्नारची खोली धरली. नेत्रावती एक्स्प्रेसची पाच तिकिटे मे महिन्यात काढायला गेलात आणि वेटिंग आले, किंवा जूनमध्ये रजा नाकारली गेली, तर खोली रद्द करावी लागेल. तुमच्या करारानुसार मुक्कामाला १५ दिवसांपेक्षा कमी उरले असता रद्द केल्यास त्या रात्री बुडतात. तिकीट मिळाले तरी एर्नाकुलमला उतरून पुढे चार-साडेचार तास घाटाची गाडी करायची आहे, तीही सासूबाईंना घेऊन.

सासूबाईंवरून आणखी एक. स्टुडिओ खोलीची मर्यादा करारात दोन प्रौढ आणि १२ वर्षांखालील दोन मुले अशी आहे. तुमची मुलगी १३ वर्षांची आहे, म्हणजे सही केली त्या दिवशीच तुम्ही चौघेही त्या खोलीत नियमाने बसत नव्हता. पाचव्या माणसासाठी जादा आकार किंवा दुसरी खोली, नाहीतर सासूबाई घरी. हे वाचून मला राग आला, कारण घरात कोण कोण आहे हे तुमच्याकडून लिहून घेतलेल्या फॉर्मवर पाचही जणांची वये आहेत. जेवणाचा खर्च तर यात कुठेच नाही. रिसॉर्ट गावाबाहेर असले की दोन्ही वेळा तिथेच जेवावे लागते. ताट सातशे रुपयांचे धरले आणि धाकट्याचे अर्धे, तरी तुमच्या कुटुंबाला दिवसाला सहा हजारांच्या वर लागतील.

परदेशातल्या रिसॉर्टमध्येही जाता येईल, असे सांगितले असेल. तशी अदलाबदल करणाऱ्या संस्था आहेत. आरसीआय ही त्यातली जुनी, १९७४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली. पण त्यासाठी वेगळे सभासदत्व आणि दर अदलाबदलीला वेगळे शुल्क पडते, विमानाचे भाडे तर आहेच. नको झाले तर विकून टाका, हेही ऐकवले असेल. अशा सभासदत्वाला दुसऱ्या हाताने गिऱ्हाईक फारच कमी किमतीत मिळते आणि नाव बदलायला कंपनी शुल्क घेते. "तुमचे सभासदत्व विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा" असा फोन कोणाला आला, तर त्याला एक रुपयाही देऊ नये. शेवटी पैसे व्याजासह परत मिळतील असे कोणी म्हणत असेल, तर तो सहलीचा व्यवहारच राहत नाही. २०१५ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर आणि अशा गुंतवणूक योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, रॉयल ट्विंकल स्टार क्लब या कंपनीच्या हॉलिडे प्लॅनना सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून पैसे गोळा करण्यास मनाई केली, ती याच कारणाने. तुमच्या करारात असा परताव्याचा शब्द नाही, हे मी तपासले आहे.

रद्द करण्याचे काम आजच करा आणि ते लेखी करा. भारतात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारातले १० दिवसांचे कलम हाच तुमचा पहिला आधार आहे आणि तो फोनवर बोलण्यात घालवू नका. कंपनीच्या करारात दिलेल्या पत्त्यावर ईमेल करा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. मजकूर लहान असावा: अर्जाचा क्रमांक, सहीची तारीख, अमुक कलमानुसार मुदतीच्या आत सभासदत्व रद्द करत आहोत, २५ हजार रुपये त्याच कार्डावर परत करावेत. कारणे लिहू नका, कारणांवर वाद घालता येतो. त्या दिवशी हप्त्यासाठी बँकेच्या कागदावर सही घेतली असेल, तर बँकेत जाऊन तो आदेश रद्द करण्याचा अर्जही द्या. रविवारचे ४७ हजार देऊ नका. विक्रेत्याचा फोन येईल, साहेबांशी बोला म्हणतील, आणखी सवलत देतील. "ईमेल पाठवला आहे, उत्तर लेखी द्या" एवढेच सांगावे.

पैसे परत द्यायला टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून या क्षेत्रात काम करत आहे, तिथे मार्गदर्शन मिळते. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. कंपनीचे कार्यालय कोणत्याही शहरात असले, तरी या कायद्याने तुम्हाला राहत्या जिल्ह्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. व्यवहाराची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करायची असते. ही वेळ तुमच्यावर येईल असे मला वाटत नाही, पण पावत्या एका पिशवीत राहू द्या.

यांच्याशी बोलताना माझी एक विनंती आहे. सही केली म्हणून त्यांना दोष देऊ नका. चार तास गोड बोलून, आजूबाजूच्या टेबलांवर टाळ्या वाजवून "अभिनंदन" म्हणत ज्या वातावरणात सही घेतली जाते, त्यात भलेभले सही करतात. आणि मुलांना आपण कुठे नेले नाही ही त्यांची बोच खरी आहे. मोठी मुलगी आणखी चार-पाच वर्षेच आईवडिलांबरोबर आनंदाने फिरायला येईल. करार रद्द करून सहलीचा विषयही मिटवला, तर ती बोच तशीच राहील.

म्हणून ११,३५५ रुपयांच्या हप्त्याऐवजी महिन्याला चार हजारांची आवर्ती ठेव सुरू करा, यांच्या पगाराच्या तारखेलाच. वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास रक्कम होते. पहिल्या सहलीसाठी नवी रजा काढू नका. मे महिन्यात देवरुखला जाताच आहात, त्यातले शेवटचे तीन दिवस गावाहून परतताना गणपतीपुळ्याला ठेवा. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. समुद्र जवळ, देऊळ जवळ, सासूबाईंना देवदर्शन, मुलांना वाळू. पुढच्या वर्षी हाच बेत तारकर्लीला करता येईल. मुलीच्या दहावीच्या वर्षी काहीच ठरवू नका, ते पैसे पुढच्या उन्हाळ्यासाठी साठू द्या. तेव्हा तिला लांबची, तिच्या आवडीची जागा निवडू द्या. मे महिन्याच्या खोल्या लवकर संपतात, म्हणून गणपतीपुळ्याच्या तारखा या आठवड्यातच यांच्यासोबत बसून ठरवा, आणि बुकिंग करताना सासूबाईंसाठी तळमजल्यावरची खोली मागून घ्या.